‘घरी न्या, सेवा करा’ म्हणजे नेमकं काय करा?

डिस्चार्जच्या कागदावर औषधं असतात, पुढची तारीख असते आणि खाली सही असते. बाकीचं तोंडी मिळतं, तेही एका वाक्यात: ‘आता घरी न्या, सेवा करा.’ पक्षाघातानं एक बाजू गेलेले वडील असतात, कॅन्सर पसरलेली आई असते किंवा खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आजी असते. घरचे मान डोलावतात. सेवा म्हणजे काय ते आपल्याला ठाऊकच आहे, असं प्रत्येक घराला वाटत असतं. मग रात्री अकरा वाजता नाकातली नळी अर्धी बाहेर आलेली दिसते आणि फोन कुणाला करायचा इथपासून प्रश्न सुरू होतात.

अंबरनाथच्या मोरिवलीसारख्या ठिकाणी हे जास्त जाणवतं. एमआयडीसीला लागून वस्ती, कमावता माणूस पाळीत, त्यामुळे रुग्णाचं वेळापत्रक कारखान्याच्या भोंग्यावर हलतं. जवळ अंबरनाथचं डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आहे, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आहे, कामगारांसाठी विमा रुग्णालय आहे. कॅन्सर निघाला की परळ, म्हणजे 1941 साली सुरू झालेलं टाटा. रिक्षानं स्टेशन, तिथून तासाभराहून जास्त लोकल, दादरला उतरून पुढे टॅक्सी. चालता-बोलता माणूस हे करतो. उठता न येणाऱ्याला दर पंधरा दिवसांनी तसं नेणं म्हणजे त्याचे हालच. तेव्हा उपचार परळला झाले तरी शुश्रूषा दहा बाय बाराच्या खोलीतच होणार, आणि ती करणार बायको, सून किंवा मुलगी.

या सेवेत माया लागतेच, पण मायेनं बेडसोर टळत नाही. त्याला रीत लागते आणि ती शिकवणारी नर्स लागते. घरी येणारी चांगली सिस्टर सगळं स्वतः करून जात नाही. ती तासभर थांबते, बघते, विचारते आणि उरलेले तेवीस तास घरच्यांनी काय करायचं ते त्यांच्याच हातून एकदा करून घेते.

अशा मदतीला वैद्यकात पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. हे नाव ऐकलं की लोक दचकतात, ‘म्हणजे आता आशा नाही का?’ असं विचारतात. तसं नाही. केमो चालू असतानाही ती सुरू करता येते आणि खरं तर तेव्हाच करावी. दुखणं, धाप, मळमळ, झोप, भीती, घरातल्यांची दमछाक, हे तिचं काम. आधुनिक स्वरूपात ती उभी केली लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांनी. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि शेवटी डॉक्टर. 1967 साली त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. वेदना फक्त शरीराची नसते. मनाची, पैशाची, घरातल्या ताणाचीही असते आणि ती सगळी एकत्रच बघावी लागते, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे त्या धर्तीवरचं पहिलं केंद्र 1986 साली मुंबईत, वांद्र्याला निघालं: शांती आवेदना सदन. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ज्यांना अशा शुश्रूषेची गरज आहे त्यांपैकी जेमतेम 14 टक्के लोकांना ती मिळते.

सिस्टर पहिल्यांदा घरी येते तेव्हा काय होतं? बीपी-शुगर होतंच, पण जाणती सिस्टर आधी अंगावरची चादर बाजूला करते. पाठ, माकडहाड, टाचा बघते. तोंड उघडायला सांगून जिभेवर पांढरा थर आहे का ते बघते. ‘पोट कधी साफ झालं?’ हा प्रश्न ती हमखास विचारते. आणि मग घरातल्या बाईकडे वळून, ‘तुम्ही सलग कधी झोपलात?’ या प्रश्नावर पुष्कळदा त्या बाईला रडू फुटतं. तोवर तिला कुणी विचारलेलंच नसतं.

पाठीपासून सुरुवात करण्याला कारण आहे. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. जखम वरून रुपयाएवढी दिसते, आत ती वाटीएवढी असू शकते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची पाती आणि डोक्याचा मागचा भाग, या जागा रोज दोनदा उजेडात बघायच्या. लाल डाग दिसला तर बोटानं दाबायचा. बोट उचलल्यावर तो क्षणभर फिका पडून पुन्हा रंग भरला तर ठीक. तसाच लाल राहिला तर बेडसोरची सुरुवात झाली. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हात फिरवून बघायचं. आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा जांभळट वाटणारी जागा संशयाची. त्या जागेवर स्पिरिट आणि पावडर चोळायची जुनी पद्धत अजून पुष्कळ घरांत चालते. ती सोडा. चोळल्यानं आतलं दुखावलेलं मांस आणखी फाटतं. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको; ती कडेनं रक्त अडवते.

कूस दर दोन तासांनी बदलायची. पूर्ण कुशीवर नाही, तिरकं. पाठीमागे एक उशी, दोन गुडघ्यांच्या मधे एक, आणि पोटऱ्यांखाली एक पातळ, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही; त्या ओढण्यातच माकडहाडावरची कातडी सोलवटते. जुनी सुती साडी चौपदरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी अंथरायची. दोघांनी दोन बाजूंनी ती घट्ट धरायची आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून माणूस किंचित उचलून सरकवायचा. एकटीच असाल तर पलीकडचा गुडघा वाकवून घ्या, एक हात त्यांच्या खांद्यावर, एक खुब्यावर ठेवा आणि आपल्याकडे वळवा. यात ताकद फारशी लागत नाही. हे वाचून येत नाही, एकदा करून बघितलं की येतं, आणि म्हणूनच सिस्टरनं ते आपल्यासमोर नाही, आपल्याकडून करून घ्यायला हवं. भिंतीवर कागद लावा: सहाला डावी, आठला पाठ, दहाला उजवी. पाळी संपवून आलेल्या मुलाला विचारावं लागत नाही, कागद सांगतो. एअर बेड जरूर घ्या, भाड्यानंही मिळतो. पण तो आणला म्हणजे कूस बदलायची नाही, असं मात्र नाही. फार तर रात्रीची दोन तासांची पाळी सिस्टरला विचारून लांबवता येते.

हे अशक्य कोटीतलं वाटत असेल तर परळच्या केईएम रुग्णालयाचं उदाहरण आहे. नोव्हेंबर 1973 मध्ये तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर पाशवी हल्ला झाला. त्यानंतर 18 मे 2015 पर्यंत, म्हणजे 41 वर्षांहून अधिक काळ, त्या तिथेच अंथरुणावर होत्या. परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, सेवा चालू राहिली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं दयामरणाच्या याचिकेवर निकाल दिला तेव्हा या परिचारिकांची मोकळेपणानं प्रशंसा केली. इतक्या वर्षांत अरुणा यांना एकही बेडसोर झाला नव्हता, ही नोंद त्या प्रकरणात आहे. दयामरणाची चर्चा देशभर गाजली. नर्सिंगच्या दृष्टीनं मला ती बेडसोरची नोंद जास्त मोठी वाटते.

नाकातल्या नळीची, म्हणजे राइल्स ट्यूबची, भीती सगळ्यांनाच वाटते. नाकपुडीपाशी नळीवर खूण असते. ती खूण हलली नाही ना, हे प्रत्येक वेळी आधी बघायचं. हलली असेल तर काहीही घालायचं नाही आणि नळी आपल्या हातानं आत सारायची तर मुळीच नाही. माणसाला बसतं करायचं, निदान पाठ अर्धी उभी. आधी 20-30 मिलिलिटर पाणी, मग गाळलेली पेज, सूप किंवा दूध, आणि शेवटी पुन्हा तेवढंच पाणी, नाहीतर नळी चोंदते. सिरिंजनं दाबून ढकलायचं नाही. सिरिंजचा दट्ट्या काढून ती वर धरायची, आपोआप उतरू द्यायचं. एका वेळी 200 ते 250 मिलिलिटर पुरे. नंतर तासभर आडवं करायचं नाही, कारण अन्न उलटून फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया ठरलेला. तासानंतर मात्र डोक्याकडची बाजू खाली आणायची, नाहीतर माणूस घसरत राहतो आणि भार माकडहाडावर येतो. खोकला सुटला, ओठ निळे पडले तर लगेच थांबायचं. गोळ्या कुटून घालण्याआधी केमिस्टला विचारा. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली तर सगळा डोस एकदम जातो.

लघवीच्या नळीचं थोडक्यात: पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही, नळीला पीळ नाही, नळी शिरते तिथली जागा रोज साबण-पाण्यानं स्वच्छ. थंडी वाजून ताप आला किंवा चार-सहा तासांत पिशवीत काहीच आलं नाही तर थांबू नका, फोन करा.

आता एक फसवा प्रकार. दिवसाकाठी पाच-सहा वेळा थोडी थोडी पातळ शी होते, कपडे खराब होतात. घरचे म्हणतात जुलाब लागले, आणि जुलाब थांबवायची गोळी देतात. प्रत्यक्षात आत खडा बसलेला असतो आणि त्याच्या कडेनं पातळ मळ पाझरत असतो. गोळीनं तो खडा आणखी पक्का होतो. पोट फुगतं, माणूस बेचैन होतो, कधी भ्रमल्यासारखं बोलतो. पोट कधी साफ झालं हा प्रश्न म्हणूनच विचारायचा असतो. शेवटची घट्ट शी पाच-सहा दिवसांपूर्वी झाली असेल तर सिस्टर तपासून बघते आणि आपण शोभेल-न शोभेलच्या संकोचात जे टाळतो ते काम शांतपणे करते. तिच्या कामाचं मोल कळायला हा एक प्रसंग पुरेसा असतो.

दुखण्याबद्दल आपल्याकडे सोसण्याचं कौतुक फार. ‘बाबांनी हूं की चूं केलं नाही’ हे अभिमानानं सांगितलं जातं. सिस्टर मात्र आकडा मागते: शून्य ते दहात किती? आकडे जमत नसतील तर रुपयातलं किती दुखतंय, चार आणे की बारा आणे, असंही विचारता येतं. वहीत तारीख, वेळ, आकडा आणि दिलेली गोळी लिहायची. ही वही पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ठेवली की अर्धं काम होतं. आजारी माणूस परळपर्यंत जाऊ शकत नसेल तर वही जाऊ शकते. गोळी दुखल्यावर नव्हे, घड्याळाप्रमाणे द्यायची. साधी मॉर्फिनची गोळी साधारण चार तास चालते. ती उतरायच्या आत पुढची गेली तर वेदना डोकं वर काढत नाही. मॉर्फिन म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते, सवय लागेल, हे शेवटचं औषध आहे. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या हिशेबानं दिलेल्या मॉर्फिनमुळे व्यसन लागणं क्वचितच घडतं. पहिले दोन-तीन दिवस गुंगी, थोडी मळमळ असते, ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ करणारं औषध पहिल्या दिवसापासून जोडीला हवंच. आणि मॉर्फिन मनानं एकदम बंद करायचं नाही. ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही याचं कारण 1985 चा अमली पदार्थांचा कायदा. 2014 च्या दुरुस्तीनं मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं. तरी सगळीकडे मिळत नाहीच, तेव्हा गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी हालचाल करा.

‘त्यांना काही सांगू नका.’ दाराबाहेर, आवाज खाली आणून, सिस्टरला हे वाक्य बहुतेक घरांत ऐकायला मिळतं. आत गेलं की रुग्ण, मुलगा पाणी आणायला उठला की, हळूच म्हणतो, ‘मला कळलंय सगळं, पण त्यांना सांगू नका, खचतील.’ दोघं एकमेकांना जपतात आणि बँकेच्या खात्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं बोलायचं राहून जातं. शहाणी सिस्टर खोटं बोलत नाही आणि बातमी आदळतही नाही. ती रुग्णालाच विचारते, ‘तुम्हाला काय वाटतं, काय झालंय? अजून जाणून घ्यायचंय?’ नको म्हणाला तर तो त्याचा हक्क. हो म्हणाला तर ती घरच्यांना सांगते की त्यांना विचारायचंय, तुम्ही सोबत बसा. आपल्याकडे याला निर्दयपणा म्हणणारे आहेत. मला तर लपवाछपवीच जास्त निर्दय वाटते. ती आजारी माणसाला भरल्या घरात एकटं पाडते.

माणूस कुठून आणायचा, हा व्यवहाराचा भाग. ब्यूरोतून बारा किंवा चोवीस तासांसाठी जी मावशी किंवा ब्रदर येतात, ते बहुधा प्रशिक्षित परिचारक नसतात. आंघोळ, भरवणं, कूस बदलणं यात त्यांचा हात बसलेला असतो आणि त्या कामाचं मोल मोठं आहे. पण इंजेक्शन, नळी बदलणं, खोल जखमेचं ड्रेसिंग त्यांचं काम नाही. त्यासाठी एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेली आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदलेली नर्स हवी. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. पुष्कळ घरांना परवडणारी वाट अशी की रोजच्या कामाला मावशी आणि आठवड्यातून दोनदा तासभर नर्स, जी मावशीलाही शिकवेल. सरकारी बाजूनं, आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह काळजी धरलेली आहे. आशाताईंना गाठा, घरभेट मागा. मागितल्याशिवाय यादीत नाव चढत नाही.

कारखान्यातल्या कामगारानं ईएसआयचं कार्ड काढून बघावं. पगार 21 हजारांपर्यंत असेल तर विमा लागू होतो आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात. कामगार स्वतःच आजारी असेल, तर कॅन्सर, पक्षाघात अशा 34 दीर्घ आजारांसाठी वाढीव आजारपणाचा लाभ आहे: नोकरीच्या आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील तर पगाराच्या 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. हे माहीत नसल्यानं नोकरी सोडून देणारे आहेत. राजीनामा लिहिण्याआधी विमा कार्यालयात जा.

शेवटच्या दिवसांत खाणं कमी होतं, मग पाणीही नको होतं. इथे घरात भांडणं होतात. गावाहून आलेले काका म्हणतात, ‘उपाशी मारताय का? निदान बाटली तरी लावा.’ शरीर बंद होत आलेलं असतं, त्याला भूक लागत नाही. सलाइन चढवलं तर ते पायांत आणि फुप्फुसांत साठतं, सूज आणि घरघर वाढते. सिस्टर हे काकांना समजावते, आणि त्यांच्या हाताला काम देते: ओल्या कापसानं ओठ टिपा, चमच्याच्या टोकानं दोन थेंब पाणी द्या, हात धरून बसा, बोला, ऐकू येत असावं असं धरून बोला. घशात घरघर होते तेव्हा एका कुशीवर वळवलं की पुष्कळ कमी होते. धाप लागली तर खिडकी उघडायची, छोटा पंखा चेहऱ्यासमोर धरायचा. गालावरच्या वाऱ्यानं धाप खरंच कमी जाणवते.

एक गोष्ट मात्र त्याआधीच करून ठेवा. घरी मृत्यू झाला तर त्याच्या कारणाचा दाखला, नमुना 4 अ, नोंदणीकृत डॉक्टरांकडून लागतो. ज्यांनी माणसाला कधी बघितलंच नाही असे डॉक्टर पहाटे तीनला सही करायला तयार होत नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही. जवळच्या फॅमिली डॉक्टरांना फाइल दाखवून, एकदा घरी आणून, आधीच बोलून ठेवा. नोंदणी 21 दिवसांच्या आत नगरपालिकेत करायची असते.

चांगली सिस्टर तेरावं झाल्यावरही एकदा येऊन जाते. उरलेलं मॉर्फिन घरात पडून राहू नये म्हणून परत न्यायला सांगते, एअर बेड कुणाला देता येईल ते सांगते, आणि जिनं सगळं केलं तिची पाठ, तिचं बीपी, तिची झोप विचारते. महिनोन्‌महिने दोन-दोन तासांनी उठलेल्या बाईला माणूस गेल्यावरही रात्री तशीच जाग येत राहते.

आणि तुमच्या चाळीत, तुमच्या मजल्यावर असं कुणी अंथरुणाला असेल तर ‘काही लागलं तर सांगा’ एवढ्यावर थांबू नका. सांगायला कुणी येत नाही. त्या घरातल्या बाईला म्हणा, ‘दुपारी दोन ते चार मी बसते, कूस कशी वळवायची ते दाखव आणि तू जाऊन झोप.’